रंग पालटणारे रत्न : देवभोगचा अलेक्झांड्राइट

रायपूर शहर ज्या भूमीवर वसले आहे, ती चुनखडकाची व शेलची आहे. प्राचीन उथळ समुद्रात साचलेल्या या थरांतून सिमेंटचा कच्चा माल भरपूर मिळतो. रत्ने मात्र मिळत नाहीत. त्यांसाठी शहर सोडून आग्नेयेस, ओडिशाच्या सीमेकडे जावे लागते. तेथे चुनखडक संपतो व त्याहून कितीतरी जुने, उष्णता आणि दाब यांनी पालटून गेलेले स्फटिकमय खडक उघडे पडतात. मैनपूर व देवभोग हे भाग याच प्रदेशातील. पूर्वी ते रायपूर जिल्ह्यात मोडत. २०१२ पासून ते गरियाबंद जिल्ह्यात आहेत. मैनपूरकडील बेहराडीह व पायलीखंड येथे हिरे धारण करणारा किंबर्लाइट खडक आहे. देवभोगजवळच्या सेंदमुडा गावी सापडणारे खनिज हिऱ्याइतके प्रसिद्ध नाही. परंतु ते हिऱ्याहून दुर्मिळ गणले जाते. ते म्हणजे अलेक्झांड्राइट.

अलेक्झांड्राइट हा क्रायसोबेरिल या खनिजाचा एक प्रकार होय. क्रायसोबेरिल हे बेरिलियम, अ‍ॅल्युमिनियम व ऑक्सिजन यांचे संयुग असून त्यातील थोड्या अ‍ॅल्युमिनियमची जागा क्रोमियमने घेतली म्हणजे अलेक्झांड्राइट बनतो. वाचावयास हे सोपे वाटते, पण निसर्गात ते क्वचितच घडते. शिलारस थंड होऊ लागला की क्रोमियम आरंभीच घट्ट होणाऱ्या जड, काळसर खडकांत अडकून पडते. बेरिलियमचे याच्या अगदी उलट. सामान्य खनिजांत त्याला जागा मिळत नाही. ते मागे उरत उरत ग्रॅनाइटाच्या अखेरच्या द्रवात गोळा होते व पेग्मटाइटाच्या शिरांत जाऊन बसते. एक पहिल्या पंगतीत जेवून गेलेले, दुसरे शेवटच्या पंगतीपर्यंत खोळंबलेले. दोहोंची गाठ पडावी कशी? पेग्मटाइटाची शीर क्रोमियमयुक्त जुन्या खडकात घुसली तर ती पडू शकते. एवढ्यानेही भागत नाही. तेथे सिलिका मुबलक असेल तर बेरिलियम तिच्याशी संयोग पावते, बेरिल तयार होते आणि क्रोमियमच्या रंगाने त्याचा पाचू होतो. सिलिका अपुरी असेल तरच अलेक्झांड्राइटास वाव मिळतो. रशियातील उरल पर्वतात १८३०च्या दशकात हे खनिज प्रथम ओळखले गेले ते पाचूच्या खाणींतच, यात नवल नाही. पुढे झार झालेल्या राजपुत्र अलेक्झांडरचे नाव त्यास देण्यात आले.

या खड्याची कीर्ती त्याच्या रंगपालटामुळे आहे. दिवसाच्या उजेडात तो हिरवा किंवा निळसर हिरवा दिसतो. तोच मेणबत्तीजवळ नेला की तांबडा वा जांभळट होतो. खड्यात या वेळी कोणताही फरक पडत नाही. फरक असतो तो प्रकाशात. त्यातील क्रोमियम पिवळा प्रकाश, सुमारे ५८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, शोषून घेते आणि हिरवा व तांबडा हे दोन्ही पुढे जाऊ देते. सूर्यप्रकाशात निळ्या-हिरव्या भागाचे बळ अधिक, ज्योतीच्या प्रकाशात तांबड्याचे. जो अधिक, तो डोळ्यास जिंकतो. आजच्या एलईडी दिव्यांत मात्र काहींचा प्रकाश थंड तर काहींचा उबदार असल्याने त्यांखाली केलेल्या परीक्षेवर भिस्त ठेवू नये. साधी मेणबत्ती बरी.

क्रायसोबेरिलाचे काठिण्य मोसच्या प्रमाणावर ८.५ आहे. त्याच्या वर कुरुविंद ९ व हिरा १०. त्याचे स्फटिक समचतुर्भुजी वर्गातील असले, तरी अनेकदा तीन स्फटिक एकमेकांत शिरून वाढतात व षट्कोनी चक्रासारखी आकृती तयार होते. संग्राहक अशा त्रिकुटासाठी चांगली किंमत मोजतात. नवरत्नांतील लसण्या हाही क्रायसोबेरिलच. त्यातील समांतर सूक्ष्म नलिका वा सुया प्रकाश परावर्तित करतात, म्हणून घुमटाकार घासलेल्या खड्यावर मांजराच्या डोळ्यासारखी रेघ चमकते.

सेंदमुडा व पायलीखंड येथे परवान्याविना खोदकामाचे प्रकार घडले आहेत. त्यात सरकारचा महसूल बुडतो, हे उघड आहे. पण आणखी एक हानी होते, तिचा बोभाटा होत नाही. घाईने फोडलेल्या खडकातून केवळ खडा काढून घेतला जातो आणि भोवतालचा खडक टाकून दिला जातो. तो स्फटिक अभ्रकाशेजारी वाढला की फेल्स्पाराशेजारी, शिरेच्या कडेस की मध्यभागी, हे मग कोणालाच सांगता येत नाही. बेरिलियम व क्रोमियम यांची भेट कशी घडली याचा पुरावा त्या टाकलेल्या दगडात असतो. महाराष्ट्रातील बेसाल्टाच्या पोकळ्यांत मिळणारे झिओलाइट संग्रहालये मूळ खडकासकट ठेवतात, त्याचे कारण हेच.

बाजारात ‘अलेक्झांड्राइट’ म्हणून स्वस्तात विकले जाणारे बहुतेक मोठे खडे हे प्रयोगशाळेत तयार केलेले, व्हॅनेडियममिश्रित कुरुविंद असतात. ते निळसर करड्यावरून जांभळट गुलाबी होतात. खरा हिरवा रंग त्यांना येत नाही. कुरुविंदाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ४ तर क्रायसोबेरिलाचे सुमारे ३.७, त्यामुळे पाण्यात तोलून दोहोंतील फरक कळतो. ज्योतीवर वितळवून केलेल्या खड्यात भिंगाखाली वक्र रेषाही दिसतात. निसर्गात वाढलेल्या स्फटिकाच्या वाढरेषा सरळ असतात.

खुद्द अलेक्झांड्राइटाचे स्फटिकही कृत्रिम रीतीने वाढविले जातात व त्यांचा उपयोग दागिन्यांपुरता मर्यादित नाही. त्यांपासून केलेला लेसर सुमारे ७५५ नॅनोमीटरचा तांबडा, दृष्टीच्या सीमेवरील प्रकाश देतो. त्वचेतील कृष्णरंजक द्रव्य हा प्रकाश चांगला शोषते; म्हणून त्वचेवरील काळे डाग व नको असलेले केस काढण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ तो वापरतात.