धातूच्या पत्र्यातील देवनागरी : कापणीपूर्व रेखाचित्राचा विचार

नामफलक, स्मारकफलक, प्रवेशद्वारांच्या जाळ्या इत्यादींसाठी धातूच्या पत्र्यातून अक्षरे कापून घेण्याची रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. हे काम लेसरच्या किरणाने किंवा बारीक वाळूसारखी पूड मिसळलेल्या, प्रचंड दाबाच्या पाण्याच्या झोताने, म्हणजे वॉटर जेटने, होते. (धातुकापणीत दीर्घकाळ वापरला गेलेला कार्बन डायऑक्साइड लेसर 1964 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध करणारे कुमार पटेल हे जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर होत.) यंत्राला अक्षर वाचता येत नाही, त्याला केवळ रेषा कळतात. त्यामुळे कोणती रेषा अर्थभेदक आणि कोणती नव्हे, याचा निर्णय रेखाचित्र तयार करतानाच व्हावा लागतो. हा निर्णय वस्तुतः लिपिविचाराचा आहे.

प्रथम मजकुराचे रूपांतर बाह्यरेषांत करून घेतले पाहिजे. फाँट म्हणून पाठविलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला असता ऱ्हस्व वेलांटी अक्षरामागे जाते, जोडाक्षरे फुटून हलन्त दिसू लागतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. परंतु रूपांतराने प्रश्न संपत नाही. देवनागरी फाँटात प्रत्येक अक्षराबरोबर शिरोरेषेचा एक तुकडा येतो आणि सांधा दिसू नये म्हणून तो शेजारच्या तुकड्यावर किंचित चढविलेला असतो. कागदावर रेघ अखंड दिसते. यंत्राला मात्र तेथे एकमेकींना छेदणाऱ्या दोन आकृती मिळतात आणि ते दोन्हींच्या कडा कापते. शब्द सांध्यासांध्यावर तुटतो. तेव्हा सर्व तुकडे जोडून त्यांची एकच बंद बाह्यरेषा करणे अत्यावश्यक ठरते.

यानंतर कापणीचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. पहिल्यात अक्षर हाती राहते व भोवतालचा पत्रा टाकून दिला जातो. येथे शिरोरेषा मोठीच उपकारक ठरते: रोमन लिपीत सुटी पडणारी अक्षरे येथे एका पट्टीला लटकून राहतात, ग, ण, श यांचे सुटे काने तर केवळ तिच्याच आधारावर उभे असतात. अनुस्वार आणि विसर्ग मात्र निराधार. त्यांना बारीक दांडीने जोडले नाही, किंवा फलकावर वेगळे बसविले नाहीत, तर ‘वंदन’चे ‘वदन’ होते.

दुसऱ्या प्रकारात अक्षर म्हणजे पत्र्यातील भोक. येथे तीच शिरोरेषा अडचणीची होते. प, म, य, घ ही अक्षरे वरून तिनेच बंद होतात आणि आतला पत्रा बेटाप्रमाणे सुटून पडतो. वेलांटीचे टोक शिरोरेषेला टेकत असेल तर तिच्या कमानीखालीही बेट तयार होते. बेट धरून ठेवण्यासाठी रेषेत खंड पाडून पत्र्याची अरुंद पट्टी राखतात. कारखान्यात तिला ब्रिज म्हणतात. ही पट्टी शिरोरेषेत राखणे सर्वांत सोपे असते, आणि तेच सर्वांत घातक. घ आणि ध, म आणि भ या जोड्यांत शिरोरेषेचा खंड हाच एक प्रमुख भेदक विशेष आहे. ‘घन’मधील घ वर उघडला की वाचक ‘धन’ वाचू लागतो. म्हणून अक्षराचा देह कान्याला जेथे मिळतो तेथे खंड द्यावा. तेथे वर्णभेद घडत नाही. अक्षर मोठे असल्यास एका पट्टीवर बेट डगमगते, तेव्हा देहाच्या वळणावर दुसरी द्यावी.

सर्वच बेटे राखावी लागतात असेही नाही. म किंवा भ यांच्या गाठीतील इवलेसे बेट गेले तरी अक्षर ओळखू येते. व आणि ब यांची बेटे मात्र गेली की दोघांच्या जागी सारखेच वाटोळे भोक उरते. ‘वाण’ आणि ‘बाण’ यांत मग फरक राहत नाही. ब मध्ये तिरकी रेघ असल्याने दोन बेटे होतात. प्रत्येकाला स्वतंत्र आधार हवा.

मापांविषयी थोडेच सांगणे पुरे. लेसरचा काप मिलिमीटरच्या काही दशांशांइतका, तर वॉटर जेटचा सुमारे 1 मिलिमीटर रुंद असतो. त्यामुळे वॉटर जेटने आतले कोपरे थोडे गोलसर येतात. राखलेली पट्टी आणि लहानातले लहान भोक पत्र्याच्या जाडीहून कमी नसावे, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. कापाच्या रुंदीची भरपाई बहुधा कारखानाच करतो. रेखाचित्रातही ती केली तर दुरुस्ती दुहेरी होते. डीएक्सएफ फाइलबरोबर एकक लेखी कळवावे, कारण इंचातील आकृती मिलिमीटरमध्ये वाचली गेली तर ती 25.4 पट लहान होते. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषाही पुसून टाकाव्यात. अन्यथा यंत्र त्याच वाटेने दोनदा जाते.