पांढऱ्या पेशींचे मीठ-पाणी

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते आणि फोडी आक्रसतात. उलट, मनुका पाण्यात भिजत घातल्या की टम्म फुगतात. मीठ, साखर यांसारखे विरघळलेले पदार्थ जिकडे जास्त, तिकडे पाणी ओढले जाते. शाळेत आपण यालाच 'परासरण' म्हणून शिकलो. हा नियम आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीला लागू आहे. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या बाबतीत तर तो जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

वनस्पतीच्या पेशीभोवती भक्कम भिंत असते. आपल्या पेशीभोवती मात्र केवळ एक पातळ पटल असते. म्हणूनच रक्ताचा थेंब साध्या पाण्यात टाकला तर तांबड्या पेशी फुगून फुटतात. पांढऱ्या पेशींना हा धोका अधिक, कारण त्या एका जागी राहत नाहीत. रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून त्या बाहेर पडतात आणि सूज आलेल्या जागी पोहोचतात. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात तर विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण रक्ताच्या चौपटीपर्यंत जाऊ शकते. अशा ठिकाणी जाऊन परत रक्तात यायचे, म्हणजे आकार सांभाळण्याची काहीतरी सोय हवीच.

फुगलेली पेशी पूर्ववत कशी होते?

लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कमी क्षाराच्या द्रवात ठेवल्या तर प्रथम त्या भराभर फुगतात. पण नंतर काही मिनिटांतच आपोआप पुन्हा मूळच्या आकाराजवळ येतात. ही किमया पेशीच्या पटलावरील सूक्ष्म दारांची आहे. ही दारे प्रथिनांची बनलेली असून त्यांना 'आयन वाहिन्या' म्हणतात. क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभार असलेले कण होतात, तेच आयन. प्रत्येक वाहिनीतून ठराविक जातीचेच आयन जाऊ शकतात.

पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीसपटीहून अधिक असते. पेशी फुगली की प्रथम क्लोराइडची दारे उघडतात. ऋणभाराचे क्लोराइड बाहेर गेल्याने पटलावरचा विद्युतदाब बदलतो. हा बदल जाणवताच पोटॅशियमची दारे उघडतात व पोटॅशियमही बाहेर पडते. आतले क्षार कमी झाले की त्यांच्यामागोमाग पाणीही बाहेर जाते. पेशीला पाणी उपसावे लागत नाही. ती मीठ सोडते आणि पाणी आपोआप निघून जाते.

शोधाची वाटचाल

एकेका वाहिनीतून जाणारा विद्युतप्रवाह मोजण्याची पद्धत नेहर व साकमन या जर्मन शास्त्रज्ञांनी काढली. त्याबद्दल त्यांना १९९१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. याच पद्धतीने १९८४ मध्ये माणसाच्या टी-लिम्फोसाइट पेशींतील पोटॅशियम वाहिनी सापडली. कॅलिफोर्नियातील त्या गटात जॉर्ज चंडी व सुधीर गुप्ता हे भारतीय वंशाचे डॉक्टरही होते. क्लोराइडच्या वाहिनीचे मुख्य प्रथिन सापडायला मात्र २०१४ साल उजाडले. कॅलिफोर्निया व बर्लिन येथील दोन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधले.

विशेष म्हणजे याच प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्या एका मुलीची नोंद २००३ मध्येच झाली होती. तिच्या रक्तात प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशीच नव्हत्या. त्या वेळी या प्रथिनाचे काम कोणालाच माहीत नव्हते. पुढे उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की वाहिनीचे काम मंदावले तरी टी-पेशी चांगल्या वाढतात. त्यामुळे हे प्रथिन आकार सांभाळण्यापलीकडे आणखीही काही करत असावे, असा तर्क आहे.

पोटॅशियम वाहिनीकडे औषध म्हणूनही पाहिले जात आहे. काही आजारांत टी-पेशी आपल्याच शरीरावर उलटतात. समुद्रफुलाच्या विषावरून तयार केलेले, ही वाहिनी बंद करणारे औषध सोरायसिसच्या थोड्या रुग्णांवर तपासले गेले आहे.

आपण काय लक्षात घ्यावे?

सलाइनच्या बाटलीत शंभर मिलिलिटर पाण्यामागे ०.९ ग्रॅम मीठ असते. हे माप रक्तातील पेशी फुगू नयेत व आक्रसूही नयेत म्हणून ठरलेले आहे. शिरेत नुसते पाणी का देत नाहीत, याचे उत्तर यातच आहे. मात्र थोडा अशक्तपणा वाटला की 'एक बाटली लावा' असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये. पेशींची ही दारे किरकोळ चढउतार सांभाळतात, मोठा बिघाड त्यांना आवरत नाही.

जुलाब-उलट्यांत शरीरातून पाण्याबरोबर क्षारही जातात. तेव्हा नुसते पाणी न देता ओआरएस द्यावे. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. मीठ अंदाजाने जास्त पडले तर लहान मुलाला ते धोक्याचे ठरू शकते. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा काहीच पोटात ठरेना, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.