एक्स-रे एआयने वाचला, पुढे काय?

छातीचा एक्स-रे काही मिनिटांत निघतो. पण तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट मिळायला गावाकडे कित्येकदा दिवस जातात. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत आणि रेडिओलॉजिस्ट मात्र बहुतेक मोठ्या शहरांत. म्हणूनच टीबी शोधायला आता एआयची मदत घेतली जाते. मुंबईच्या क्युअर.एआय कंपनीचं ‘क्यूएक्सआर’ हे असंच एक सॉफ्टवेअर. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षं आणि त्यापुढच्या व्यक्तींच्या टीबी तपासणीत अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली.

एआय नेमकं काय करतं?

तज्ज्ञांनी आधी तपासलेले असंख्य एक्स-रे दाखवून या सॉफ्टवेअरला शिकवलेलं असतं. नवा एक्स-रे दिला की ते एक स्कोअर देतं आणि फुप्फुसात संशयास्पद वाटलेला भाग दाखवतं. पण स्कोअर म्हणजे निदान नव्हे. न्यूमोनिया किंवा जुन्या आजाराचा डागसुद्धा टीबीसारखा दिसू शकतो. खात्री होते ती थुंकीच्या तपासणीतून. त्यासाठीचं ‘ट्रूनॅट’ मशीन गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं आहे.

थोडक्यात, एआय ही चाळणी आहे. चाळणीची भोकं किती मोठी ठेवायची, म्हणजे किती स्कोअरच्या पुढे माणसाला पुढच्या तपासणीला पाठवायचं, हे माणसंच ठरवतात.

जरा हिशोब करूया

अशा चाळणीकडून आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा अशी: टीबी असलेल्या १०० पैकी ९० जण सापडावेत आणि टीबी नसलेल्या १०० पैकी ७० जणांना बरोबर वगळलं जावं.

समजा १,००० जण तपासले आणि त्यात १० जणांना टीबी आहे. या हिशोबाने एआय ९ जणांना पकडेल, एक सुटेल. आणि टीबी नसलेल्या २९७ जणांनाही ‘संशयित’ म्हणेल. म्हणजे एकूण ३०६ जणांची थुंकी तपासावी लागेल. लॅबमध्ये तेवढी सोय नसेल तर? एक्स-रेची रांग संपली, पण लॅबसमोर नवी लागली!

थायलंडमध्ये काय झालं?

मधुमेहामुळे डोळ्यांना होणारा त्रास ओळखायला गुगलचं एआय थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत वापरलं गेलं. २०२० मध्ये गुगलच्याच संशोधकांनी तिथला अनुभव मांडला. पहिल्या सहा महिन्यांत १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो सिस्टिमने तपासायलाच नकार दिला. दवाखान्यात हवा तसा अंधार नव्हता, त्यामुळे फोटो नीट येत नव्हते. कुठे इंटरनेट स्लो. फोटो नाकारला की पेशंटला दुसऱ्या दिवशी दुसरीकडे तज्ज्ञाकडे जावं लागायचं. एक दिवसाची मजुरी बुडणाऱ्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

मग जबाबदारीने वापर म्हणजे काय?

- सॉफ्टवेअर आपल्या लोकांवर, आपल्या मशीनवर आधी तपासून बघणं.
- संशयितांची पुढची तपासणी आणि औषधं तयार ठेवणं.
- स्कोअर कमी आला तरी लक्षणं असलेल्याला घरी न पाठवणं.
- चूक झाली तर उत्तर कोण देणार, हे आधीच ठरवणं.
- पेशंटचा डेटा कुठे जातो, हे त्याला सांगणं.

आणि तुमच्या मोबाइलवर?

आजीच्या एक्स-रेची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून फोटो काढला आणि चॅटबॉटला विचारलं, तर ही वर सांगितलेली तपासणी होत नाही. अशा फोटोत बारकावे हरवतात आणि साधा चॅटबॉट म्हणजे त्या कामासाठी पारखलेलं सॉफ्टवेअर नव्हे. रिपोर्टमधले अवघड शब्द समजून घ्यायला, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न काढायला तो जरूर वापरा. फक्त नाव आणि फोन नंबर झाकून टाका.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर कुठलंही ॲप काहीही म्हणो, जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. तिथे टीबीची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. एक्स-रे ‘नॉर्मल’ आला तरी खोकला थांबत नसेल, तर थुंकी तपासायची का, हे स्वतःहून विचारा.