आतडं मरतं तेव्हा

ऊस विकासाच्या पानावर आतड्याचा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पण हंगामात आमचा दिवस तोडणी टोळ्यांबरोबर जातो. हे दुखणं असं, की त्यात तासांचा हिशेब असतो.

पाटाचं पाणी तुटलं की सरी वाळते, तसंच आतड्याचं. रक्त पोचलं नाही तर तेवढा भाग काळा पडतो, मरतो, फुटतो आणि आतली घाण पोटभर पसरते.

मोठ्या माणसांत याचं एक नेहमीचं कारण म्हणजे अडकलेला अंतर्गळ, म्हणजे हर्निया. जांघेतली गाठ आडवं झाल्यावर आत जाते, तोवर गडी मोळ्या उचलत राहतो. "हंगाम संपला की बघू" म्हणतो. एक दिवस ती आत जातच नाही. कडक होते, ठणकते, उलट्या लागतात. ती चोळायची नाही, दाबायची नाही. गाडी काढायची. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या वयस्करांत रक्ताची गुठळीही आतड्याची रक्तवाहिनी बंद करते. सुरुवातीला पोट हाताला मऊ, पण कळ असह्य. तिथं ओवा-हिंग देत बसू नये.

तान्ह्यांचं प्रकरण वेगळं. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या, त्यातही दीड किलोच्या आतल्या बाळाचं आतडं कच्चं असतं. बरं चाललेलं बाळ एकाएकी दूध पचवेनासं होतं. पोट फुगतं, हिरवी उलटी होते, शीत रक्त दिसतं. डॉक्टर याला नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस म्हणतात. दूध थांबवून सलाईन, अँटिबायोटिक देतात. आतडं फुटलं तर ऑपरेशन. एवढं करूनही काही बाळं हाती लागत नाहीत.

यावर मोठा आधार आईच्या दुधाचा, अगदी पहिल्या चिकापासून. डब्याच्या पावडरीपेक्षा आईच्या दुधावरच्या बाळांत हे दुखणं कमी आढळतं. आईचं दूध पुरत नसेल तर दुसऱ्या मातांनी दिलेलं, तपासलेलं दूध चालतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये अशी दूधपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली. आता साखर कारखान्याच्याच माणसानं हे सांगावं याचं कुणाला हसू येईल, पण तान्ह्याला गुळाचं पाणी, मध, घुटी काहीही चाटवू नका.

कोपीवर कुणी दिवस भरायच्या आत बाळंत झाली, तर मुकादमानं लगेच १०८ ला फोन करावा आणि गट कार्यालयाला कळवावं. गाडी येईपर्यंत बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावं. फडापर्यंतची वाट दाखवायला आमचा चिटबॉय रस्त्यावर उभा राहील.