हजेरीपटाबाहेरची माणसं

धोरणांचा हिशेब : लेखांक 6

महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारदारांच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ असा एक रकाना असतो. दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. हा कर 1975 साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी (रोहयो). शहरातल्या कमावत्यांनी खेड्यातल्या रिकाम्या हातांसाठी पैसे द्यायचे आणि जेवढे जमतील तेवढीच भर सरकारने घालायची, अशी ती मांडणी होती. स्वतंत्र भारतात इतक्या उघडपणे शहराने गावाचा भार उचलल्याची उदाहरणं फार नाहीत.

योजनेमागची कल्पना वि. स. पागे यांची. तासगाव तालुक्यात 1965 साली तिचा लहानसा प्रयोग झाला होता. पुढे 1972-73 चा दुष्काळ आला. मे 1973 मध्ये राज्यभर जवळजवळ 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, रस्त्यावर मुरूम टाकणं, पाझर तलावांची माती वाहणं, दुपारी सुकडी. दुष्काळ सरला, पण मागेल त्याला काम हे तत्त्व उरलं, आणि 26 जानेवारी 1979 पासून त्याला कायद्याचं बळ मिळालं. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता.

मग अर्थशास्त्रज्ञाने यात मोजायचं काय? हजेरीपटावरचे दिवस आणि वाटलेली मजुरी सरकार मोजतंच. पण तेवढ्यावरून मजुराच्या घरात किती भर पडली हे कळत नाही. कामावर आलेली बाई त्या दिवशी एरवी काय करत असती? दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेली असती, तर तिथली मजुरी बुडाली. ती वजा केल्यावर उरतं ते खरं उत्पन्न.

हे वजाबाकीचं काम गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन या अर्थशास्त्रज्ञांनी सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कंझरा या दोन गावांच्या आकड्यांवर केलं. तिथे इक्रिसॅट या संस्थेचे पाहणीदार गावातच मुक्कामाला असत आणि वर्षानुवर्षं त्याच त्या घरांत जाऊन कोणाचे दिवस कशात गेले ते लिहून घेत. त्या नोंदींतून निष्कर्ष निघाला की रोहयोवर मिळालेल्या मजुरीतला साधारण पाव हिस्सा इतरत्र बुडालेल्या कमाईचा होता आणि बाकीची निव्वळ भर. पुरुषांचे रोहयोवर गेलेले दिवस एका गावात मुख्यतः बेकारीतून आले, दुसऱ्या गावात स्वतःच्या शेतातून. बायकांचे आले ते घरकामातून आणि ‘मोकळ्या वेळा’तून. या शेवटच्या रकान्यापाशी मी दर वेळी अडखळतो. पाणी, सरपण, लेकरं, म्हातारी माणसं हे सगळं जिच्या वाट्याला आहे तिचा वेळ मोकळा कसा? तो हिशेबात जवळजवळ फुकट धरला गेला, आणि योजनेच्या निव्वळ लाभाचा आकडा काही अंशी त्यावर उभा आहे.

दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. योजनेची रचनाच अशी होती की काम कष्टाचं आणि मजुरी कमी, म्हणजे ज्याला दुसरी सोय आहे तो येणारच नाही. गरिबांच्या याद्या नकोत, दाखले नकोत, कोणाची शिफारस नको. पण 1988 मध्ये रोहयोची मजुरी किमान वेतनाला जोडली गेली आणि ती एकदम जवळजवळ दुप्पट झाली. दर चांगला झाला की कामावर येणारे वाढायला हवेत. प्रत्यक्षात हजेरी घटली.

रॅव्हेलियन, दत्त आणि शुभम चौधुरी यांनी आधीच्या वर्षांतली दरमहा हजेरी तपासली. उन्हाळ्यात ती चढते, पेरणीला उतरते, पीक बुडालं की पुन्हा फुगते. हा जुना क्रम पुढे चालू राहिला असता तर किती माणसं आली असती, याचा अंदाज बांधून त्यांनी तो प्रत्यक्ष आकड्यांशी ताडला. 1993 साली छापलेल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा की मजुरी वाढल्यावर काम मोजकंच दिलं जाऊ लागलं आणि हमी पातळ झाली. जे कामावर होते त्यांना दुप्पट मिळालं, पण काम हवं असूनही न मिळालेले लोक वाढले.

यावरून काहीजण म्हणतात, बघा, किमान वेतन दिल्याने गरिबांचं नुकसान झालं. मला हे वाचन चुकीचं वाटतं. मजुरीचा दर वाढवला की त्या प्रमाणात पैसा आणि कामंही वाढवावी लागतात. ती वाढवली नाहीत की नवं काम उघडायला उशीर होतो, चालू काम लवकर आटोपतं, काम मिळतं ते लांबचं. कायद्याचा एक शब्दही न बदलता हमी अशी आतून पोखरली जाते. म्हणून दोष मजुरीच्या दराचा नाही.

यात संशोधकांची अडचणही दिसते. कामावर हजर झालेल्याची नोंद हजेरीपटावर होते. तोंडी काम मागून परत गेलेल्याची कुठेच होत नाही. म्हणूनच त्यांना परत गेलेल्यांचा अंदाज आकडेमोडीने बांधावा लागला. मागणीचा अर्ज लेखी द्या, त्याची तारखेसह पोच घ्या, असा कार्यकर्त्यांचा आग्रह असतो. भत्त्याचा हक्क त्या तारखेवर अवलंबून आहेच, पण बाहेर राहिलेल्यांचा सरकारदरबारी तोच एक पुरावा असतो.

आतापर्यंतचा हिशेब कामावर आलेल्यांचा आणि येऊ न शकलेल्यांचा झाला. कधीच रोहयोवर न गेलेल्या शेतमजुराचीही मजुरी या कामांमुळे वाढते का, हा प्रश्न राहिला आहे. अविभाजित आंध्र प्रदेशात 157 मंडळांवर केलेल्या एका प्रयोगात मनरेगाची, म्हणजे केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमी योजनेची, अंमलबजावणी जिथे सुधारली तिथे लाभार्थी घरांचं उत्पन्न 14 टक्क्यांनी वाढलं, आणि त्या वाढीतले 86 टक्के योजनेबाहेरच्या कमाईतून आले. ते कसं घडलं, हे पुढच्या लेखांकात पाहू.