विकिपीडियावरून उडालेलं गावाचं पान परत कसं आणायचं?

कोयनानगरला गेलेला जवळपास प्रत्येक जण धरणाचा फोटो काढतो. मागे शिवसागर जलाशय, वर ढग, दोन-चार हजार लाइक्स पक्के. पण त्या पाण्याखाली गावं आहेत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धरणात पाणी साठायला लागलं आणि पाटण, जावळी, महाबळेश्वर भागातली गावं उठली. माणसं सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी विखुरली.

आता समजा, त्यातल्याच एका घरातल्या नातवाने ठरवलं की आजोबांच्या गावाचं विकिपीडियावर पान करायचं. रात्र जागून लिहिलं, नातेवाईकांच्या ग्रुपवर लिंक टाकली, सगळ्यांनी अंगठे दाखवले. दोन दिवसांनी लिंक उघडली तर पान गायब.

अशा वेळी बहुतेक जण एक तर चिडून सोडून देतात, नाहीतर तोच मजकूर पुन्हा चिकटवतात. दुसरं करू नका. तोच मजकूर परत टाकला की पान आणखी लवकर उडतं, आणि हे वारंवार केलं तर खातं ब्लॉक होऊ शकतं.

पहिलं काम म्हणजे पान का उडालं ते वाचायचं. उडालेल्या पानाच्या पत्त्यावर गेलात की तिथे नोंद दिसते. कोणत्या प्रचालकाने, कोणत्या तारखेला आणि कोणतं कारण देऊन पान वगळलं, ते सगळं त्यात असतं. प्रचालक म्हणजे पानं वगळण्याचे आणि परत आणण्याचे अधिकार असलेला स्वयंसेवक. तो कुणाचा पगारी माणूस नसतो. आणि महत्त्वाचं म्हणजे वगळलेला मजकूर सहसा पुसला जात नाही. आपल्याला दिसत नाही, प्रचालकांना दिसतो. म्हणून तो परत येऊ शकतो.

कारण जाहिरातबाजीचं असेल तर मजकूर नव्याने, सरळ भाषेत लिहावा लागतो. कारण कॉपीराइटचं असेल तर तो जुना मजकूर परत मिळायची आशा सोडा. साताऱ्याच्या लोकांकडून हे हमखास होऊ शकतं, कारण मराठी विश्वकोशाचं घर आपल्याच वाईत आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला हा कोश, पहिला खंड १९७६चा. आता सगळं ऑनलाइन वाचता येतं, त्यामुळे तिथला परिच्छेद उचलून विकिपीडियावर टाकायचा मोह होतो. विश्वकोश हा संदर्भ म्हणून उत्तम आहे. पण तो वाचून स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि खाली त्याचा संदर्भ द्यायचा. जशीच्या तशी नक्कल केली की पान गेलंच.

तिसरं कारण सगळ्यात जास्त चिडवणारं आहे, ‘उल्लेखनीयता सिद्ध होत नाही’. म्हणजे आमचं गाव, आमचा माणूस फालतू आहे का? तसं नाही. प्रश्न एवढाच असतो, की या विषयाशी संबंध नसलेल्या कुणीतरी, विश्वासार्ह ठिकाणी, याबद्दल सविस्तर लिहिलंय का?

हा नियम किती निष्ठुर असू शकतो ते कॅनडाच्या डॉना स्ट्रिकलंड यांच्याबाबतीत जगाने पाहिलं. मे २०१८मध्ये त्यांच्यावरच्या लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला. दिलेल्या संदर्भांवरून उल्लेखनीयता दिसत नाही, असं कारण होतं. २ ऑक्टोबर २०१८ला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं! त्यानंतर लेख अर्थातच लगेच झाला.

पण आपल्या कामाचं उदाहरण दुसरं आहे. क्लॅरिस फेल्प्स या अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ. ११७ क्रमांकाचं मूलद्रव्य, म्हणजे टेनेसीन, शोधायला जे बर्केलियम लागलं ते शुद्ध करणाऱ्या गटात त्या होत्या. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेस वेड यांनी २०१८मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. फेब्रुवारी २०१९मध्ये तो वगळला गेला. त्यावर भरपूर वाद झाला, वर्तमानपत्रांत लेख आले. पण नुसत्या वादाने पान परत आलं नाही. दरम्यान फेल्प्स यांच्या कामाबद्दल स्वतंत्र ठिकाणी आणखी लिहिलं गेलं, ते नवे संदर्भ चर्चेत मांडले गेले आणि २०२०च्या सुरुवातीला लेख परत आला.

थोडक्यात, नवा पुरावा लागतो. ट्विटरवर ट्रेंड चालवून काही होत नाही.

पाण्याखालच्या गावाचा पुरावा कुठून आणायचा?

इथे एक चांगली बातमी आहे. इंग्रजी विकिपीडियावर सरकारदरबारी नोंद असलेली वस्तीची गावं साधारणपणे उल्लेखनीय धरली जातात. आज तिथे माणूस राहत नसला तरी फरक पडत नाही, कारण एकदा मिळालेली उल्लेखनीयता काळाबरोबर संपत नाही. प्रत्येक भाषेच्या विकिपीडियाचे नियम वेगळे असतात, पण हा मुद्दा मराठीतही मांडता येतो.

म्हणजे गाव होतं, हे कागदावर दाखवायचं. गुगलवर शोधून काही सापडलं नाही म्हणून हार मानू नका, कारण संदर्भ ऑनलाइनच हवा असा नियम नाही. ग्रंथालयातलं पुस्तक चालतं. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक नीट द्या, म्हणजे दुसरा कुणीही जाऊन तपासू शकेल.

सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८५चं आहे, मुंबई गॅझेटियरचा एकोणिसावा खंड. नंतरची सुधारित आवृत्ती १९६३ची, म्हणजे बरोबर धरणाच्या काळातली. त्याशिवाय जनगणनेची जिल्हा पुस्तकं. इथे एक मेख आहे. १९५१च्या जनगणनेत ‘सातारा’ शोधलंत तर गोंधळ होईल, कारण तेव्हा हा भाग ‘उत्तर सातारा’ जिल्ह्यात होता. दक्षिण साताऱ्याचं सांगली झालं ते १९६०मध्ये. गाव बुडण्याआधीची शेवटची नोंद शोधताना त्या काळाचं जिल्ह्याचं नाव वापरायचं, नाहीतर समोर असलेलं पुस्तकही सापडत नाही.

भूसंपादनाच्या राजपत्रातल्या सूचना आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे तारीख आणि जागा पक्की करायला उपयोगी पडतात, पण त्यांच्यावर अख्खा लेख उभा राहत नाही. त्यासाठी कुणीतरी लिहिलेलं हवं. पुनर्वसनावरचे पीएचडीचे प्रबंध आणि वर्तमानपत्रांचे जुने अंक बघा. पैसे देऊन छापून आणलेली बातमी किंवा स्वतःच पाठवलेली प्रेसनोट मात्र चालत नाही, आणि अनुभवी संपादक ती पटकन ओळखतात.

आणि आजोबांच्या आठवणी? त्या चालत नाहीत. फेसबुक पोस्ट, कुटुंबाचा यूट्यूब व्हिडिओ, व्हॉट्सअॅपवरची वंशावळ, यातलं काहीच नाही. विस्थापितांच्या बाबतीत हा नियम मला कठोर वाटतो. ज्यांची घरं गेली त्यांचे कागदही गेले, आणि उरलंय ते फक्त तोंडी. पण नियमाला वळसा घालता येत नाही, तेव्हा क्रम बदलायचा. आठवणी आधी विद्यापीठाच्या संशोधकाकडे किंवा चांगल्या वर्तमानपत्राकडे न्यायच्या. तिथे तपासून छापल्या गेल्या की त्याच आठवणींना संदर्भाची किंमत येते.

संदर्भ आपसांत जुळले नाहीत तर घाबरू नका. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा कोयनेचा भूकंपच घ्या. त्याची तीव्रता कुठे ६.३ सापडते, कुठे ६.५, कुठे त्याहून जास्त. अशा वेळी आपल्याला आवडणारा आकडा निवडायचा नाही. कोण काय म्हणतं ते दोन्ही द्यायचं.

आता अर्ज कुठे करायचा?

सर्वात आधी ज्या प्रचालकाने पान वगळलं, त्याच्या चर्चा पानावर. भाषा साधी ठेवा. ‘या गावाबद्दल हे तीन स्वतंत्र संदर्भ मिळाले आहेत, जुना मजकूर माझ्या धूळपाटीवर द्याल का?’ एवढं पुरतं. धूळपाटी म्हणजे कच्चं लिहायची जागा. तिथे लेख दुरुस्त करायचा आणि मग मुख्य जागी न्यायचा. वीस कच्च्या दुव्यांपेक्षा तीन भक्कम संदर्भ बरे, कारण वीस दुवे कुणी उघडून बघत नाही. मराठीत प्रचालकाचं उत्तर आलं नाही तर चावडीवर विषय मांडता येतो. इंग्रजीत पुनर्स्थापनेच्या विनंतीचं वेगळं पान आहे. चर्चा होऊन वगळलेल्या लेखासाठी फेरविचाराची वेगळी जागा आहे, पण तिथे जुनंच भांडण उकरून चालत नाही. निर्णय चुकीच्या पद्धतीने झाला किंवा नवी माहिती मिळाली, हे दाखवावं लागतं. विषयाशी तुमचं नातं असेल तर आधीच सांगून टाका. लपवलं आणि सापडलं तर विश्वास जातो.

कोर्टाचा रस्ता हा वेगळाच मामला. ऑक्टोबर २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एएनआय विरुद्ध विकिमीडिया खटल्यावरचं इंग्रजी पान काढावं लागलं होतं. ९ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने, न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने, तो आदेश रद्द केला. गावाच्या पानासाठी एवढ्या लांब जायची गरज नाही.

‘पान परत आणून देतो, इतके रुपये पाठवा’ असा मेसेज आला तर मात्र थेट दुर्लक्ष करा. २०१५मध्ये इंग्रजी विकिपीडियाने एकाच टोळीची ३८१ खाती बंद केली होती. नाकारलेले मसुदे हेरायचे, संबंधितांना गाठायचं आणि लेख टाकायचे पैसे मागायचे, असा त्यांचा धंदा होता. प्रचालक पान परत आणायचे पैसे घेत नाही. अर्ज फुकट आहे. खर्च काय तो ग्रंथालयात जायच्या एसटीचा आणि झेरॉक्सचा.