फौजीच्या अंगात राहिलेली नोकरी

सैन्यातला शिपाई पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पेन्शनवर घरी येतो तेव्हा बहुधा पस्तिशीच्या आसपास असतो. शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा अधिकारी दहा किंवा चौदा वर्षांनी बाहेर पडतो. 2022 साली आलेल्या अग्निपथ योजनेत भरती अविवाहितांचीच होते आणि नोकरी चार वर्षांची. म्हणजे ज्या वयात माणसं जोडीदार शोधतात, लग्न ठरवतात किंवा मोडलेला संसार नव्याने मांडतात, नेमक्या त्या वयाचे माजी सैनिक आपल्या आसपास आहेत, आणि त्यांची संख्या वाढणार आहे.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या माणसं सैन्यात जात आली आहेत. तिथल्या मुलीला फौजी कसा असतो हे सांगावं लागत नाही. पण पुण्या-मुंबईत ऑफिसातल्या ओळखीतून किंवा विवाहमंडळातून भेट झालेल्या मुलीला काही गोष्टी खटकतात. हॉटेलात तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतो. एकच वाक्य पुन्हा विचारतो. फटाका वाजला की चेहरा क्षणात बदलतो. पहाटे चारला उठून बसलेला असतो. मग निष्कर्ष निघतो: संशयी आहे, लक्ष देत नाही, तापट आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींचं कारण त्याच्या स्वभावात शोधण्याआधी त्याच्या शरीरात शोधायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

सुरुवात कानापासून करू, कारण तिकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. रायफल झाडणाऱ्याच्या कानाशी आवाजाची पातळी 150 डेसिबलच्या पुढे जाते. डेसिबलची पट्टी साधी नाही. दर 10 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. आठ तासांच्या कामासाठी 85 डेसिबल ही सुरक्षिततेची रूढ मर्यादा, आणि 140च्या वरचा एकच धमाका कानाला इजा करू शकतो. अंतर्कर्णात, शंखासारख्या वेटोळ्यात, सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. त्या ध्वनीच्या कंपनांचं विद्युतसंदेशात रूपांतर करतात. मोठ्या आवाजाने त्या वाकतात. वाऱ्याने लोळवलेली ज्वारी पुन्हा उभी राहू शकते, मोडलेलं ताट राहत नाही. या पेशींचंही तसंच आहे. फायरिंगनंतर काही तास कान बधिर होऊन पूर्ववत होतात, तेव्हा त्या सावरलेल्या असतात. मेलेली केशपेशी मात्र माणसात पुन्हा उगवत नाही.

हे नुकसान सगळ्या स्वरांचं सारखं होत नाही. पहिला फटका 3,000 ते 6,000 हर्ट्‌झच्या पट्ट्याला बसतो. श्रवणतपासणीच्या आलेखात 4,000 हर्ट्‌झजवळ खाच दिसते. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, पण स, श, च यांसारख्या व्यंजनांची ऊर्जा वरच्या पट्टीत असते. त्यामुळे अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. तुम्ही 'साठ' म्हणता, त्याच्यापर्यंत 'आठ' पोचतं. बायकांचे आणि लहान मुलांचे पातळ आवाज त्याला अधिक जड जातात. हॉटेलात भांड्यांचा आवाज आणि चार टेबलांवरची बडबड सुरू झाली की तो गप्प होतो, कारण प्रत्येक वाक्य अंदाजाने जुळवून घ्यावं लागतं आणि त्यात थकवा येतो. कित्येकांच्या कानात सतत शिट्टीसारखा आवाज असतो, तो रात्रीच्या शांततेत ठळक होतो. 'माझं ऐकतच नाही' या तक्रारीमागे कितीदा ही मेलेली केशपेशी असेल, याचा विचार व्हायला हवा.

आता दचकण्याकडे येऊ. अचानक मोठा आवाज आला की पापणी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत मिटू लागते, मान आणि खांदे आखडतात. या दचकण्याचा मार्ग कानातून मस्तिष्कस्तंभाकडे आणि तिथून थेट स्नायूंकडे जातो. विचार करणारा मेंदू नंतर जागा होतो. दचकतो आपण सगळेच. काही सैनिकांत मात्र त्यानंतरची घंटा लवकर थांबत नाही. हे युद्धाने होतं की अशी माणसं मुळातच वेगळी असतात? अमेरिकी संशोधक रॉजर पिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर एकसारख्या जुळ्यांमध्ये शोधलं. एक भाऊ व्हिएतनामच्या युद्धात लढलेला, दुसरा गेलेलाच नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, गंभीर असलेल्या सैनिकांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा आठवणींशी संबंधित भाग लहान होता. पण घरी राहिलेल्या जुळ्याचाही तो लहानच होता. म्हणजे ती ठेवण आधीची. पुढच्याच वर्षीच्या अभ्यासात अचानक मोठे आवाज ऐकवून हृदयाचे ठोके मोजले. इथे पीटीएसडी असलेल्या सैनिकाचं हृदय जास्त धावलं, घरी राहिलेल्या जुळ्याचं नाही. ते धावणं युद्धानंतर आलेलं होतं. एकाच माणसात जन्माचं काय आणि नोकरीने दिलेलं काय, हे इतकं स्वच्छ वेगळं करून दाखवणारे प्रयोग वैद्यकशास्त्रात फार नाहीत.

पण प्रत्येक फौजीला आजारी समजणं हा दुसरा अन्याय. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या पीटीएसडी केंद्रानुसार तिथल्या 100 माजी सैनिकांपैकी सुमारे 7 जणांना आयुष्यात कधीतरी हा विकार होतो. सर्वसामान्य प्रौढांत हे प्रमाण 6 आहे. तो आकडा आपल्या सैन्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण चित्रपटांनी डोक्यात भरवलेली प्रतिमा पुसायला पुरेसा आहे. दाराकडे तोंड करून बसणं हे शिकवलेलं कसब असतं. राष्ट्रीय रायफल्समधल्या काश्मीरच्या पोस्टिंगमध्ये त्याच सवयीने त्याला जिवंत ठेवलेलं असतं.

झोपेचं वेगळं. स्वप्नांच्या झोपेत मेंदूतलं नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडणारं केंद्र एरवी जवळजवळ गप्प होतं. पीटीएसडीत ते पुरतं गप्प होत नसावं, असा तर्क आहे. त्यावरून त्या रसायनाचा परिणाम अडवणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध दुःस्वप्नांवर दिलं जाऊ लागलं. पण 304 माजी सैनिकांवरच्या 2018च्या मोठ्या चाचणीत ते नुसत्या साखरगोळीपेक्षा सरस ठरलं नाही. कॅन्टीनच्या कोट्यातली रम तर काम बिघडवतेच. दारू रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप दाबते, आणि ती उत्तररात्री उसळून वर येते.

जोडीदाराने काय करावं? प्रेमापोटी आपण जे पहिलं करतो तेच अनेकदा घातक ठरतं. त्याला गर्दी नको म्हणून लग्नाला जायचं टाळायचं, युद्धाचा विषय निघू द्यायचा नाही, पाहुण्यांना परस्पर कारणं सांगायची. यात भीती पोसली जाते, कारण गर्दी सुरक्षित आहे हे नवं शिक्षण मेंदूला मिळतच नाही. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी आठवण उभी करावी लागते. म्हणून उपचारही टाळलेल्या गोष्टींकडे तज्ज्ञाच्या मदतीने हळूहळू जाण्याचे असतात. कँडिस मॉन्सन आणि सहकाऱ्यांनी जोडप्याला एकत्र बसवून 15 बैठकांची उपचारपद्धत तयार केली. 2012 साली 40 जोडप्यांवर केलेल्या चाचणीत लक्षणं कमी झाली आणि रुग्णांना आपल्या नात्याबद्दल वाटणारं समाधानही वाढलं.

पहिल्या भेटींत 'किती जणांना मारलंत?' हे विचारू नका. कुठली शाखा, काम काय, फील्ड पोस्टिंग कुठे होतं, युनिटमधलं कोण अजून फोन करतं, हे विचारा. तो सप्लाय डेपोत क्लार्क असू शकतो, आणि त्याने गोळीबार पाहिलेलाही नसेल. मग त्याच्या रागाला युद्धाचं लेबल लावणं चूक. सियाचीनला राहिलेला असेल, तर तिथे 5,500 मीटरवर हवेत प्राणवायूचा दाब जवळपास निम्मा असतो, हे ठाऊक असलेली श्रोती मिळाल्यावर तो अधिक मोकळेपणाने बोलेल. काही गोष्टींवर तो गप्प राहील, कारण 1923चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही सुटत नाही. तेवढा गप्पपणा त्याचा हक्क आहे. हात उगारणं, फोन तपासणं, घरात कोंडणं यांना मात्र कुठल्याही पोस्टिंगचं कारण चालणार नाही. तिथे समजून घेण्याची जबाबदारी तुमची नाही, तिथून निघा.

मदत जवळ आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. सैन्यदलातल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर 2023मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. पेन्शनधारकाला ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून तज्ज्ञाकडे जाता येतं. नातं पुढे न्यायचं ठरलं असेल, तर पत्रिका जुळवण्याआधी दोघांनी मिळून त्याच्या कानांची तपासणी करून घ्या.